सातवीचा श्वास

ग्रेबिल, इंडियाना
१३ ऑक्टोबर २०१३

सलोमे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे कचऱ्यात टाकणार नाहीस, एवढं धरून लिहायला बसले आहे.

बिशप मेनोंना मी सरळच विचारलं, "वाळीत टाकलेल्या बहिणीला पत्र लिहिलेलं चालतं का?" त्यांनी दाढी कुरवाळली. मग म्हणाले, "बंदी जेवणाच्या टेबलाची आहे, ऑर्फा. टपालपेटीची नाही." तू बाप्तिस्मा घेऊन आपल्या आमिश पंथाला वचन दिलंस आणि मग कॉलेजसाठी तो सोडलास, त्याला चार वर्षं झाली. हा प्रश्न विचारायचं मला आजवर सुचलं नाही, याचाच राग येतो.

आजच का सुचलं, ते सांगते. परवा आमच्याकडे शहरातून एक डॉक्टरीणबाई आली होती. हॅलोरन तिचं नाव. घराघरांतून धूळ गोळा करत हिंडते. खोटं नाही, माझ्या बैठकीच्या खोलीतली धूळ तिनं एका यंत्रानं ओढून बाटलीत भरली आणि वर "थँक यू" म्हणाली. मी शरमेनं मेले. सकाळीच झाडून काढलं होतं! तिला शोधायचंय की आमिश पोरांना दमा एवढा कमी का होतो. साही पोरांना तिनं ओळीनं उभं करून एका नळीत फुंकायला लावलं. एकाच्याही छातीत शिट्टी नाही. आमच्या थोरल्या रोझानानं फुंकलं तेव्हा काटा पार टोकाला गेला आणि डॉक्टरीणबाईंनी नळी तपासून पाहिली, बिघडली की काय म्हणून.

मग मला विचारते, "पोटुशी असताना गोठ्यात जात होतात का?"

म्हटलं, "गाईंना काय कळतंय मी पोटुशी आहे ते? त्यांची धार वेळेवर काढावीच लागते."

"कितव्या महिन्यापर्यंत?"

"कळा येईपर्यंत. तिसऱ्याच्या वेळी बादली अर्धीच भरली होती, उरलेली माझ्या नवऱ्यानं, लव्हर्ननं भरली."

ती हसली, पण लिहून घेतलं. म्हणाली, मूल पोटात असतानाच त्याची फुफ्फुसं घडतात. आईच्या श्वासातून गोठ्याची, गवताची, जनावरांची ओळख त्याला आतच होत असावी, म्हणून पुढे ते धुळीला शत्रू समजून अंगावर धावून जात नसावं. सगळी "असावं"ची भाषा. नक्की अजून कुणालाच माहीत नाही म्हणे. तू पोरांच्या श्वासाचंच काम करतेस, असं व्हॅनवाल्या पेगीकडून कळलं. खरं आहे का हे? मला तुझ्याकडून ऐकायचंय.

बिशपांच्या बायको डिलायलाबाई तेव्हा पाव घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "मान फार ताठ झाली हो ऑर्फाची. गर्व हे पाप आहे." मी मान खाली घातली आणि आतल्या आत साही पोरं पुन्हा एकदा मोजली.

बाबा बरे आहेत. तुझं नाव घेत नाहीत. कुणी विचारलंच तर 'लेंगाकर घरातली नाही ती आता' एवढंच. आपल्या मागच्या घरात पाइप ओढत लाकूड तासत बसतात.

सातवं येतंय. चाळिशीत. हसू नकोस.

तुझी
ऑर्फा


२३ फेब्रुवारी २०१४

सलोमे,

माझं दूध काढून पाठवलंय, पेगीच्या व्हॅनमधून. बर्फात बाटल्या आहेत. पोचलं की लगेच बघ, पेगी वाटेत कॉफीला थांबते.

मला दवाखान्यातून घरी सोडलं आणि माझी लेक व्हरीना तिथं काचेच्या पेटीत राहिली. घरी साही पोरं, लव्हर्न आणि गाई. मी भांडी घासते आणि अंगावरचा झगा ओला होतो. मनातल्या मनात तुझ्या वॉर्डात येते. कुठली खुर्ची, कुठली खिडकी, सगळं पाठ आहे मला.

त्या दिवशी तू खोलीत आलीस तेव्हा मी तुला ओळखलंच नाही. निळे कपडे, कापलेले केस. मला वाटलं कुणी इंग्रजी, म्हणजे पंथाबाहेरची पोरगी सुया टोचायला आली. मग तू पेटीवर वाकलीस. आई भट्टीत पाव बघायला अशीच वाकायची, एक हात कमरेवर ठेवून. तेव्हा कळलं, माझी लेक कुणाच्या हाती आहे ते. तेव्हा डोकं फार दुखत होतं, सांगायचं राहिलं. आता लिहिते: त्या क्षणी मी निर्धास्त झाले.

लव्हर्न सगळ्यांना सांगत सुटलाय की व्हरीना त्याच्या हॅटमध्ये मावेल. काल प्रार्थनेनंतर हॅट काढून दाखवत होता. पुरुष हसले, मग एकेक जण हॅटमध्ये वाकून पाहू लागला.

तू गोड बोलली नाहीस हे बरं केलंस. तुझी चिठ्ठी मी लव्हर्नला वाचून दाखवली. फुफ्फुसातली बारीक बारीक घरं शेवटच्या महिन्यांत भराभर बांधली जातात आणि ही त्याआधीच बाहेर आली. त्याला लगेच समजलं. म्हणाला, "कोठाराचे खांब उभे आहेत, तुळया चढल्यात, आणि फळ्या ठोकायच्या आधी वादळ आलं." मग विचारलं, "उरलेल्या फळ्या बाहेर ठोकता येतात का?" तू लिहिलंयस की येतात, जन्मल्यावरही फुफ्फुसं वर्षानुवर्षं वाढतात, पण हिला सर्दीपडशाचं भय बाकीच्यांपेक्षा जास्त राहील, दमाही होऊ शकेल, गोठा असला तरी. लव्हर्न म्हणाला, "मग हातोडी घेऊन बसू."

डिलायलाबाई येऊन गेल्या. "चाळिशीत, तेही सातव्या महिन्यापर्यंत बादल्या उचलायच्या, मग दुसरं काय होणार?" रात्रंदिवस तेच तर मनात घोळत होतं. म्हणून तर तुला तसं घाईघाईत विचारलं, माझ्यामुळे झालं का म्हणून. तुझं उत्तर मी बायबलात घालून ठेवलंय: "रक्तदाब वाढला, बाळाला आत राहणं धोक्याचं झालं. बादलीनं केलं नाही, गाईनं केलं नाही, तू केलं नाहीस. आईच्या पोटात जे घडतं ते सगळं आई घडवत नसते." पंथात मी चाळीस वर्षं राहिले, एवढं मोकळं करणारं वाक्य मला कुणी सांगितलं नव्हतं. तेही वाळीत टाकलेलीनं सांगावं!

व्हरीनाला गाणं म्हणत जा. तुझा आवाज फाटका आहे, पण तिला काय कळतंय.

ऑर्फा


९ ऑगस्ट २०१४

सलोमे,

पोरगी हसली. कुणाकडे बघून, तर लाल गाईकडे. माझ्याकडे नाही, बापाकडे नाही.

सगळ्या बायका साय घेऊन येतात. "हाडं दिसतात पोरीची, जरा भर तिला, गुटगुटीत कर." तू सांगितलंस तसंच करते. भूक लागेल तेव्हा अंगावरचं, मागेल तेवढं, कोंबायचं नाही. तुझ्या डॉक्टरांनी वजनाची रेघ काढून दिली आहे, ती त्या रेघेवरून चाललीय, ना खाली ना उड्या मारत वर. डिलायलाबाईंना म्हटलं, "फार भराभर फुगवलेली अपुऱ्या दिवसांची पोरं पुढे जास्त धापा टाकतात, असं दिसून आलंय म्हणे." त्या म्हणाल्या, "कुणाला दिसलं?" मी म्हटलं, "बघणाऱ्यांना."

आता बाबांचं. व्हरीनाला मांडीवर घेऊन बाबा पाइप ओढत बसले होते. मी म्हटलं, "बाबा, तिच्या छातीला धूर चालायचा नाही."

"कोण म्हणतं?"

"आहे एक म्हणणारी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाइप घेऊन ओसरीवर गेले. दुसऱ्या दिवशी पाइप ओसरीवरूनही गेला. गोठ्यामागे असेल म्हणून शोधला, तिथंही नाही. लव्हर्न म्हणतो, पाइप तळ्यात आहे. साठ वर्षांची सवय, सलोमे! आईनं जन्मभर कटकट केली तरी सुटली नव्हती. तुझ्या एका वाक्यानं सुटली, आणि तेही तुझं नाव न घेता.

मला तुझा अभिमान वाटला. हे पत्र बिशपना दाखवू नये.

ऑर्फा


२२ नोव्हेंबर २०१५

सलोमे,

लिझीआत्याच्या मयताला तू आलीस आणि जेवण अर्धं टाकून गेलीस. तू जे पाहिलंस ते तुला ठाऊक आहे. मला काय दिसलं आणि तू गेल्यावर काय झालं, ते ऐक.

तुला त्यांनी दाराजवळ वेगळं टेबल दिलं होतं. एकच थाळी, एकच खुर्ची. तू ताठ बसून बटाटे खात होतीस. मी लांबून बघत होते आणि वाटत होतं, या सगळ्या शेडमध्ये एवढ्या पाठकण्याची दुसरी कुणी नाही.

व्हरीनाला सकाळपासून सर्दी होती. मला वाटलं उतरेल. पण बाहेर घोडे, आत शेगडी, एवढी माणसं. तिच्या छातीत शिट्टी सुरू झाली, मग शिट्टीही थांबली, आणि ते जास्त वाईट हे मला तूच शिकवलं होतंस. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. ओठ निळसर दिसले आणि मी खिसे चाचपले. तिचा दम्याचा पंप घरी खिडकीत होता. मैलावर.

मी हाक मारायच्या आधी तू उठली होतीस. गुडघ्यावर बसलीस, पिशवीतून स्वतःचा पंप काढलास, नळी लावलीस, मास्क जोडलास आणि माझ्यापुढे धरून म्हणालीस, "धर. नाकातोंडावर घट्ट दाब. मी औषध सोडते."

तेव्हा शेडमधली एकूणएक भांडी वाजायची थांबली. वाळीत टाकलेल्याच्या हातून काही घ्यायचं नसतं. त्यानं टेबलावर ठेवायचं, मग आपण उचलायचं. लहानपणापासून हाडात भिनलेलं आहे. तुलाही माहीत होतं. तुझे डोळे क्षणभर जवळच्या बाकाकडे गेले, ठेवू का म्हणून. ते मी पाहिलं.

मी तुझ्या हातून घेतलं. बोटांसकट घेतलं.

व्हरीनाच्या गालावर रंग यायला लागला तेव्हा तू म्हणालीस, "पेगीला हाक मारा, दवाखान्यात न्यायचं." आणि तिला घेऊन निघून गेलीस. माझ्या मांडीवर तिची टोपी राहिली होती. लव्हर्न तुमच्याबरोबर गेला, मला आत्याच्या घरच्यांनी बसवून ठेवलं, कारण मी उभी राहू शकत नव्हते.

आता पुढचं. डिलायलाबाई उठल्या. सगळ्यांपुढे म्हणाल्या, "ऑर्फानं तिच्या हातून घेतलं. सगळ्यांनी पाहिलं." बिशप मेनो माझ्या अगदी समोर उभे होते, हातात पाण्याचा पेला घेऊन. त्यांनी पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "मी नाही पाहिलं. माझी पाठ होती."

डिलायलाबाई म्हणाल्या, "तुमची पाठ कुठं होती? तुम्ही इकडंच—"

"डिलायला," ते म्हणाले, "माझी पाठ होती."

मग मागच्या बाकावरून म्हातारा यूजीन म्हणाला, "माझीपण." त्याच्या शेजारचा म्हणाला, "मी तर बटाट्यांत होतो." एकेक करून अख्खी शेड पाठमोरी झाली. मी रडत होते आणि हसतही होते. मयताच्या दिवशी!

तुझी थाळी तशीच होती, ती बाबांनी स्वतः उचलून नेली आणि धुतली. बाबांना थाळी धुताना आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. धुता येत नाही त्यांना.

आता दोन पंप घेऊन ठेवलेत, एक घरात, एक बग्गीत. तिसरा मी झग्याच्या खिशात बाळगते. लव्हर्न पहाटे गवत हलवतो तेव्हा तिला गोठ्यात आणायचं नाही, धूळ बसल्यावर आणायचं, तू म्हणालीस तसं. ती दारात उभी राहून ओरडते, "बसली का?" "अजून नाही." "आता बसली?" गाईही वैतागल्यात.

ऑर्फा


३० सप्टेंबर २०१८

सलोमे,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा उभ्यानं, मग बसून, मग लव्हर्नला मोठ्यानं. त्यानं हॅट हवेत उडवली, ती गाईच्या आंबोणात पडली.

एवढ्या वर्षांनी! किती वेळा तू लिहायचीस, "या महिन्यातही नाही," आणि मग पुढची ओळ हवापाण्याची. आता भ्यायचं नाही. तुझ्या सासूला, कर्टिसच्या आईला दमा, त्याच्या दोन्ही भावांना दमा, म्हणून तुझ्या पोटातल्याचं काय होणार, असं तू विचारतेस. मला विचारतेस! मी आठवीपर्यंत शिकलेली. पण व्हरीनाचं ऐक.

हॅलोरनबाई परत आली होती, नळी घेऊन. आता केस पिकलेत तिचे. बाकीच्यांनी फुंकलं. व्हरीना शेवटी. तिचा काटा भावंडांएवढा जात नाही, कधी जाणारही नाही कदाचित, हे तू मला आधीच सांगितलंस म्हणून मला धक्का बसला नाही. पण तिनं पहिल्यांदा फुंकलं, आकडा बघितला आणि म्हणाली, "थांबा, मी नीट नाही फुंकलं." दुसऱ्यांदा फुंकलं. "अजून एकदा." डॉक्टरीणबाई म्हणाली, "पुरे गं बाळा, छान आहे." तर ही म्हणते, "छान आहे ते माहितेय. अजून छान होतंय का ते बघायचंय." तिसऱ्यांदा काटा वर गेला. गेल्या वर्षी दवाखान्यात गेला होता त्यापेक्षा पुष्कळ वर. फळ्या लागतायत, सलोमे. वाढतंय कोठार.

संध्याकाळी कुरणाच्या कुंपणावर चढून गाईंना व्हरीनाच हाक मारते. भावांच्या हाकेला गाई माना वर करतात आणि पुन्हा चरतात. हिच्या हाकेला येतात. रस्त्यापलीकडचे लोक म्हणतात, ही हाक कुणाची? आणि मी म्हणते, माझी सातवी. अपुऱ्या दिवसांची.

तू थट्टेत लिहिलंस, "मीही येऊन गोठ्यात बसू का?" मी थट्टा समजत नाही. ये. डॉक्टर असं काही लिहून देत नाहीत, अजून तेवढं नक्की झालेलं नाही, आणि व्यायलेल्या गाईजवळ जायचं नाही, कच्चं दूध प्यायचं नाही, हे तूच पुढच्या ओळीत लिहिलंयस. नाही जाऊ देणार जवळ. दूध उकळून देईन, सायीसकट. तुला औषध म्हणून बोलावत नाही. पोटुशी धाकटी बहीण बाळंतपणाआधी मोठ्या बहिणीकडे येते, म्हणून बोलावते.

आणि बिशपना विचारलंय. म्हणाले, "गोठ्यात टेबल असतं का?" म्हटलं, नसतं. म्हणाले, "मग मला कशाला विचारतेस?"

ऑर्फा


१९ मे २०१९

सलोमे,

पेगीनं निरोप आणला तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. पुऱ्या दिवसांचा! मुलगा! मी एक चादर दोनदा वाळत घातली.

तू बाळंतपणातून उठायच्या आत हे पत्र पोचेल. उशाशी ठेव आणि सावकाश वाच, कारण तुला न कळलेली एक गोष्ट यात आहे.

तू दर शनिवारी यायचीस, ऑक्टोबरपासून थेट एप्रिलपर्यंत. पहिल्या शनिवारी तुला माझी जुनी तिवई दिली, ती डुगडुगत होती आणि तू एकदा पडता पडता वाचलीस. पुढच्या शनिवारी नवी तिवई होती. रुंद, बुटकी, पाय बाहेर फाकलेले. तू म्हणालीस, "लव्हर्नचा हात भारी बसलाय हो." लव्हर्न काही बोलला नाही, कारण त्याला बोलू नको म्हणून सांगितलं होतं.

तिवई बाबांनी केली. त्या पहिल्या शनिवारी ते गव्हाणीच्या पलीकडे उभे होते, तुला दिसले नाहीत. रात्री जेवताना मला म्हणाले, "ती बसते कशी?" म्हटलं, "कोण?" म्हणाले, "उगाच विचारू नकोस." मग जानेवारीत म्हणाले, "आता अजून रुंद लागेल." फेब्रुवारीत पुन्हा, "आता जरा उंच लागेल, उठताना गुडघ्यावर जोर येतो." दरवेळी तू आलीस तेव्हा ती तिवई थोडी वेगळी होती, तुझ्या लक्षात आलं नाही. तू गाईच्या पोटाला कपाळ टेकवून, डोळे मिटून धार काढायचीस. व्हरीना शेजारी बसून तुला शिकवायची, "मावशी, असं नाही, अंगठा आत नको." तू जन्मात पहिल्यांदा धार काढतेस असं वाटतं तिला. बाबा पलीकडून दोघींना बघायचे. मी बाबांना बघायचे.

तर निरोप आला तेव्हा बाबा अंगणात आले. हॅट हातात. मी म्हटलं, "सलोमेला मुलगा झाला." तुझं नाव मुद्दाम घेतलं. ते थांबवतील असं वाटलं.

विचारलं, "रडला का?"

पेगी म्हणाली, "रडला का काय विचारता! दोन मजले खाली ऐकू गेला. नर्स म्हणाली, अशी छाती महिन्यात नाही ऐकली."

बाबांनी कुरणाकडे बघितलं. तिथं व्हरीना कुंपणावर चढून बोंबलत होती आणि सगळ्या गाई तिच्याकडे निघाल्या होत्या. मग त्यांनी हॅट डोक्यावर ठेवली, नीट बसवली, आणि पेगीला म्हणाले,

"लेंगाकर आहे. माझ्या सलोमेचा."

ऑर्फा